पाचव्या घरची भीक

तिप्पण्णाचा कान टोचला त्याला आज चौथा दिवस, आणि कान भज्यासारखा फुगला होता. अंगात ताप होता. नीलम्मा पोराला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसत होती. ती नुसती त्या कानाकडे बघत होती. दारात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, सिद्धाप्पाला, त्या कानाकडे बघवत नव्हतं आणि नीलम्माकडे तर त्याहून नाही. म्हणून तो उंबऱ्याकडे बघत होता. पण उंबऱ्याकडे तरी माणसाने किती वेळ बघायचं?

कान का सुजला हे साऱ्या सोलापुरात फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची खात्री होती.

सिद्धाप्पाचं मंगळवार पेठेत जोंधळ्याचं आणि वाळल्या मिरचीचं दुकान होतं. माणूस सरळ, मापाला चोख. खोड एकच. त्याने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. चिमूटभर मीठ नाही, विडीला काडी नाही, इतकंच काय, कुणाला रस्तासुद्धा विचारला नव्हता. एकदा मेहुण्याच्या लग्नाला अक्कलकोटला गेला, तेव्हा मांडव कुठला हे विचारण्याऐवजी तो नाकासमोर चालत राहिला आणि भलत्याच मांडवात अक्षता टाकून, पोटभर जेवून, वर आहेर करून परत आला. मेहुणा पुढे दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता.

जो मागत नाही त्याला मागणारा आवडत नाही. दुकानापुढे कुणी झोळी घेऊन उभं राहिलं की सिद्धाप्पा तराजूवरून नजर न उचलता म्हणायचा, "पुढं हो." मागणारा कानडीत बोलला तर हा कानडीत सांगायचा, तेलुगूत बोलला तर तेलुगूत. तेवढ्या एका वाक्यापुरता तो तिन्ही भाषांतला पंडित होता.

अशा माणसाला देवाने तीन मुलं दिली आणि तिन्ही परत मागून घेतली. पहिलं बारशाआधीच गेलं. दुसरी मुलगी पाचव्या महिन्यात गेली. तिसरा शिवलिंग. तो दीड वर्षाचा झाला, पोत्यांमागे लपून "भॉ" करायला शिकला, आणि मग गेला.

शिवलिंगाच्या वेळीच निंगव्वा सुईणीने सिद्धाप्पाला समोर बसवून सांगितलं होतं, "पाच घरची भीक मागा. आईनं मागा न्हाईतर बापानं, पर आपल्या तोंडानं मागा. त्या भिकेची बाळी करून पोराच्या उजव्या कानात घाला. काळाला वाटतंय, ह्ये भिकाऱ्याचं पोर, ह्याला नेऊन काय करायचं? मग त्यो पुढल्या घरी जातोय."

"मी पाच रुपये देवळात घालतो की," सिद्धाप्पा म्हणाला होता.

"देवळात घालून चालत असतं तर सावकारांची पोरं मेलीच नसती. भीकच पायजे. आन् कशापायी मागताय ते सांगायचं न्हाई. सांगितलं की ती मदत झाली. भीक न्हाई ऱ्हायली."

सिद्धाप्पा पिशवी घेऊन गेला होता, नाही असं नाही. पहिल्या दारात उभा राहिला. घरधनी बाहेर येऊन म्हणाला, "काय शेट?" सिद्धाप्पाने तोंड उघडलं आणि विचारलं, "औंदा पाऊस कसा काय हुईल?" दुसऱ्या दारातही त्याने पाऊसच विचारला. पाच घरी पाच वेळा पावसाची चौकशी करून आणि पाच कप चहा पिऊन तो रिकाम्या पिशवीने परत निघाला. वाटेत दुकान लागलं. गल्ल्यातली मूठभर नाणी पिशवीत टाकली आणि घरी येऊन नीलम्माच्या हातात दिली. "झाली पाच घरं," म्हणाला.

नीलम्माने पिशवी उघडून बघितली. ती शिंकली. मग म्हणाली, "बरं."

त्याच पैशाची बाळी झाली, शिवलिंगाच्या कानात गेली, आणि दीड वर्षाने परत नीलम्माच्या हातात आली. त्या साली पेठेत तापाची साथ होती. अकरा पोरं गेली. बाळीचा आणि तापाचा काही संबंध नाही, असं सिद्धाप्पा स्वतःला रोज सांगत असे. चार वर्षं झाली तरी त्याला ते रोज सांगावं लागत होतं.

मग तिप्पण्णा झाला. सिद्धाप्पाच्या मनात नाव राजशेखर होतं. पण निंगव्वाने पोर जन्मल्या जन्मल्या परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि नको असलेलं उचलावं तसं परत उचलून आणलं. उकिरड्याला कानडीत तिप्पे म्हणतात. त्यावर ठेवलेल्या पोराला राजशेखर कसं म्हणणार? तो तिप्पण्णा झाला. आणि निंगव्वा पुन्हा म्हणाली, "पाच घरची भीक."

या वेळी सिद्धाप्पाने निश्चय केला होता. निश्चय तिसऱ्या घरच्या चहापर्यंत टिकला. मग पुन्हा दुकान, पुन्हा गल्ला. नीलम्माने पिशवी उघडली, या वेळी दोनदा शिंकली, आणि म्हणाली, "बरं."

कान टोचायला ती दोघं सराफकट्ट्यावर काळप्पा पत्ताराकडे, म्हणजे सोनाराकडे, गेली. सगळी पेठ पोरांचे कान टोचायला त्याच्याकडेच जायची. दुकानावर पाटी होती : 'येथे लहान मुलांचे कान न दुखवता टोचले जातील.' पाटीखालून येणाऱ्या किंकाळ्या रस्त्याच्या पलीकडे ऐकू जात. चाळीस वर्षं असल्या किंकाळ्या जवळून ऐकल्यामुळे काळप्पाला स्वतःला फारच कमी ऐकू येई, आणि त्यामुळे पाटीवर त्याचा मनापासून विश्वास होता. त्याने पोराचं तोंड उगवतीकडे केलं, कानावर कुंकवाचा ठिपका ठेवला, जिभेवर गुळाचा खडा ठेवला आणि पोराला गूळ गोड लागायच्या आत सोन्याची तार आरपार नेली. नारळ, तांदूळ, पानसुपारी घेतली. काम झालं.

सिद्धाप्पाला मात्र घरी येताना एक गोष्ट खटकली. बाळी हलकी होती. आपण दिलेल्या पैशात याच्या दुप्पट बाळी व्हायला हवी होती. सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, हे त्याने लहानपणीच ऐकलं होतं. माप हाच ज्याचा धंदा त्याला चैन पडेना. दुकान बंद करून तो तस्सा घरी येई, पाळण्याशी वाके आणि बाळी चिमटीत धरून फिरवून फिरवून वजनाचा अंदाज घेई. तीन संध्याकाळी त्याने हेच केलं. चौथ्या सकाळी कान फुगला.

"वैद्यबुवांना बोलावू?" त्याने उंबऱ्याकडे बघत विचारलं.

"निंगव्वा बघून गेली. कडुनिंबाच्या पाण्यानं शेका म्हनाली." नीलम्मा थांबली. "शिवलिंगालाबी सकाळीच चढला हुता ताप."

ती एवढंच बोलली. सिद्धाप्पाने खुंटीवरची पिशवी घेतली आणि बाहेर पडला. आज दिवे लागायच्या आत पाच घरची खरी भीक आणायची, काळप्पापुढे ओतायची आणि बाळीत घालायला लावायची. पोर वाचलं पाहिजे. मग अब्रू गेली तरी चालेल.

पहिलं घर सारजाबाईचं. नवरा गिरणीत कामाला, मूळची करमाळ्याकडची, मनाने चांगली आणि आवाजाने त्याहून मोठी. सिद्धाप्पाने डोळे मिटले आणि म्हटलं, "भीक घाला, बाई."

"काय घालू?"

"भीक."

"कुनाला?"

"मला."

सारजाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "शेट, बसा हितं पायरीवर. आलेच." ती आत गेली. सिद्धाप्पाने आशेने पिशवीचं तोंड उघडलं. ती मुठीत काहीतरी घेऊन आली, ती मूठ त्याच्या डोक्यावरून तीनदा उतरवली आणि आत जाऊन चुलीत टाकली. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. मिरच्या त्याच्याच दुकानातल्या असल्यामुळे अस्सल होत्या. असा ठसका उठला की दोघंही खोकून खोकून वाकली.

"दृष्ट न्हाई हो, शेट," डोळे पुसत सारजाबाई म्हणाली. "दृष्ट असती तर ठसका उठला नसता."

"मी म्हनतच न्हवतो दृष्ट हाय म्हनून. भीक घाला, पसाभर जोंधळा..."

"मग डोक्याचंच हाय वो!" आणि तिने गल्लीकडे तोंड करून हाक दिली, "अगं ए शिवबाई! सिद्धाप्पा शेटच्या डोक्यावर परिनाम झालाय गं! तीन पोरं गेली, मानसानं सोसायचं तरी किती!"

ती खरोखर रडायला लागली. आपल्यामुळे ती रडते आहे आणि आपल्या हातात मात्र एक दाणा नाही, हे बघून सिद्धाप्पा तिथून निघाला.

दुसरं घर आबासाहेबांचं. आबासाहेब गल्लीतले पुढारी. उत्सव, सभा, पाणपोई, कशाचीही वर्गणी असो, यादीत पहिलं नाव त्यांचं. सिद्धाप्पाला बघताच ते चष्मा लावून उठले.

"या सिद्धाप्पा! कशाची काढली वर्गणी? पावतीपुस्तक कुटाय?"

"वर्गणी न्हाई, आबासाहेब. भीक."

"विनय चांगला हाय तुमचा. पर यादी पायजे. हे घ्या दोन रुपये, आन् माजं नाव वरच्या अंगाला लिवा."

"यादी न्हाई. नाव लिवायचं न्हाई. तुमी नुसती भीक घाला, मूठभर कायबी."

आबासाहेबांचा चेहरा बदलला. "म्हंजी नाव कुटंच येनार न्हाई?"

"न्हाई."

"आन् कशासाठी तेबी सांगनार न्हाई?"

"सांगता येत न्हाई."

दोन रुपये खिशात परत गेले. "हे बघा सिद्धाप्पा, शेजाऱ्याला भीक घालून त्याचा अपमान करनारा मानूस मी न्हवं. मला ते शोभत न्हाई. तुमी चहा घ्या."

सिद्धाप्पाला चहाचं नाव निघताच घाम फुटला. तो पळालाच.

तोवर सारजाबाईचा आवाज त्याच्यापुढे दोन गल्ल्या गेला होता. तिसऱ्या घरी त्याला दार वाजवावं लागलंच नाही. त्याच्या समोरचा दुकानदार मल्लप्पा स्वतःच रस्त्यात आडवा आला आणि त्याने गळामिठी मारली. वीस वर्षं दोघं समोरासमोर जोंधळा विकत होते आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

"सिद्धाप्पा, मला कळलं," मल्लप्पा म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. फक्त ते कशाचं होतं हे त्यालाही सांगता आलं नसतं. "दुकान बुडालं म्हनं. बायकोपोरासाठी दारोदार फिरायची पाळी आली. अरे, मी काय मेलो हुतो?"

"मग घाल भीक, मल्लप्पा. मूठभर घाल."

"छे! भीक कसली! तू माज्या दुकानात ये. गादीवर बस. आन् तुजा त्यो पितळी तराजू, त्यो मला देऊन टाक. दुसऱ्याच्या हातात जाताना मला बघवायचा न्हाई."

"मला मूठभर जोंधळा पायजे रे!"

"लेका, जोंधळा तुज्या दुकानात कमी हाय व्हय?" मल्लप्पा चटकन बोलून गेला आणि विचारात पडला. बुडालेल्या दुकानात पोती कशी काय दिसतात, हे त्याच्या आता लक्षात येत होतं. तो विचार पुरा करेपर्यंत सिद्धाप्पा निसटला होता. मागे दहाबारा माणसं जमली होती. कुणी म्हणत होतं डोकं फिरलं, कुणी म्हणत होतं सट्टा खेळला. पोराला ताप आहे हे एकालाही माहीत नव्हतं, आणि सांगायची सोय नव्हती.

ओळखीच्या पेठेत आपल्याला कुणी भिकारी होऊ देणार नाही, हे सिद्धाप्पाच्या ध्यानात आलं. तो तडक साखर पेठेकडे चालू लागला. तिथे घराघरात माग, घराघरात तेलुगू, आणि त्याला ओळखणारं कुणी नाही. एका लिंबाखाली त्याने कोट, पटका आणि वहाणा गाठोड्यात बांधल्या, गाठोडं फांदीच्या बेचक्यात ठेवलं आणि उघड्या डोक्याने, अनवाणी पहिल्या दारात उभा राहिला. आतून मागाचा खटखटाट येत होता. दारात एक म्हातारी कांड्या भरत बसली होती.

"भीक घाल, माय."

"पुढं हो," म्हातारी मान वर न करता म्हणाली.

सिद्धाप्पा हलला नाही. शब्द ओळखीचा होता, पण तो असा समोरून येतो तेव्हा कसा लागतो हे त्याला माहीत नव्हतं. मान वर केली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. तो पुढच्या दारात गेला. तिथे एक बाप्या म्हणाला, "हातपाय धड हायेत की. काम करायला काय झालं?" हेही वाक्य सिद्धाप्पाचंच होतं. तिसऱ्या दारात तेलुगूत पुढे जायला सांगितलं, आणि तेवढं तेलुगू त्याला येत होतं. चौथं दार कुणी उघडलंच नाही. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. पाय भाजले. पिशवी होती तशीच होती.

दुपार टळताना तो सात रस्त्याजवळ एका बंद दुकानाच्या फळीवर बसला. "शेट, तुमी लई चुकीचं मागताय," बाजूने आवाज आला.

फळीच्या दुसऱ्या टोकाला येडू बसला होता. एका डोळ्याचा म्हातारा भिकारी. दर सोमवारी सिद्धाप्पाच्या दुकानापुढे उभा राहायचा आणि दर सोमवारी 'पुढं हो' ऐकून पुढे जायचा.

"मगापासनं बघतोय मी साखर पेठेपासनं," येडू म्हणाला. "मान ताठ ठिवता. आवाज असा काढता की समोरच्याला वाटतंय वसुलीला आलाय. असं कोन देतंय? मान खाली पायजे. आन् उभं ऱ्हायचं ते दाराच्या मदी न्हाई, जरा कडंला. त्यांच्या घरातलं मानूस भायेर पडायला वाट मोकळी पायजे की."

"मला जमत न्हाई, येडू," सिद्धाप्पा म्हणाला. आपल्याला याचं नाव माहीत आहे याचंच त्याला नवल वाटलं.

"पैल्या दिशी कुनालाबी जमत न्हाई."

"पाच घरची पायजे. एका घरची न्हाई मिळाली. दिवस बुडत चाललाय." सिद्धाप्पा त्या फळीवर बसून, भर रस्त्यात, लहान पोरासारखा रडला. येणारेजाणारे बघून पुढे जात होते.

येडूने काही विचारलं नाही. त्याने आपली झोळी पुढे ओढली आणि त्यातला मूठभर जोंधळा काढून सिद्धाप्पाकडे धरला. "घ्या. ह्यात पाच न्हाई, पंधरा घरचं हाय. सगळी मिसळ."

सिद्धाप्पाने ओंजळ पुढे केली तेव्हा मान आपोआप खाली गेली. "कशाला पायजे ते विचारलं न्हाईस?"

"विचारून घातली तर ती भीक कसली?" येडू म्हणाला. "आमच्या आईची बी पोरं जगत न्हवती म्हनं. म्हनून माजं नाव येडू ठिवलं. जगलो की. नुसता जगावा एवढंच मागितलं हुतं तिनं. पुढचं मागायचं ऱ्हाऊन गेलं."

सिद्धाप्पा मूठ घट्ट मिटून धावत सुटला. पिशवीत टाकायचं त्याला सुचलं नाही, आणि लिंबावरच्या गाठोड्याचीही आठवण राहिली नाही. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा तो अनवाणी, बोडका, धुळीने माखलेला आपल्या दारात पोचला. आत नीलम्माने बोलावून घेतलेला काळप्पा पत्तार बसला होता. त्याच्या मांडीवर तिप्पण्णा होता, आणि तिप्पण्णा काळप्पाच्या मिशीशी खेळत होता. ताप उतरला होता.

"ये सिद्धाप्पा!" काळप्पा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "आधी तुजे हात दाखव!"

सिद्धाप्पाने मोकळा हात पुढे केला. काळप्पाने तो नाकाशी नेला आणि एवढ्या जोरात शिंकला की तिप्पण्णा दचकला. "बघ! मिरची! अरे, चाळीस वर्षांत माज्या हातचा एक कान पिकला न्हाई. आन् तू रोज मिरचीच्या पोत्यात कोपरापातूर हात घालून येतोस आन् ताज्या टोचल्या कानाला चोळतोस? पोराचा कान हाय की झुणका? तुजी बायको म्हनाली, रोज बाळी फिरवत बसत्यात. कशाला रे?"

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, ते सिद्धाप्पाला आज पटलं. पण त्याचं लक्ष काळप्पाकडे नव्हतं. तो नीलम्मापुढे मटकन खाली बसला.

"नीलू, मी भीक मागितली न्हवती," तो म्हणाला. "गल्ल्यातले पैसे दिले तुला. माजी जीभ उचलली न्हाई. आन् आताच न्हाई. शिवलिंगाच्या वक्तालाबी..."

"ठावं हाय," नीलम्मा म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"पाच घरच्या पैशाला मिरचीचा वास येत न्हाई."

सिद्धाप्पाला त्या दोन शिंका आठवल्या, आणि त्यांच्या आधीची एक. "चार वर्सं तू बोलली न्हाईस?"

"बोलून पोर येनार हुतं का? आन् तुमी रात्रीचं जागं असायचा की. मला दिसत हुतं. मी आनि वर कशाला बोलू?" तिने तिप्पण्णाला काळप्पाकडून घेतलं. "ह्या टायमाला म्या तुमच्यावर ठिवलं न्हाई. कान टोचायच्या आधी पदर हनवटीपातूर ओढला आन् मीच गेले साखर पेठेत. तीन घरी जोंधळा मिळाला. चौथ्या घरी एक सून हुती. तिनं गळ्यातला सोन्याचा मनी तोडून घातला पदरात. इचारलं न्हाई कायबी. तिच्या घरात पाळना टांगल्याला हुता, रिकामा. त्याच्यावर धूळ बसल्याली."

"आन् पाचवं?"

काळप्पाने छताकडे बघितलं.

"पाचव्या घराला आपल्या दुकानापुढं उबी ऱ्हायले," ती म्हणाली. "वाटलं, बापाच्या हातची मूठभर असावी त्यात. बोलले न्हाई, नुसता पदर पुढं केला. तुमी तराजूतनं मान वर केली न्हाई. म्हनालात, पुढं हो."

"म्हनून बाळी हलकी हाय," काळप्पा म्हणाला. "चार घरची बाळी किती जड हुनार? पाचव्या घरचं आलं की मनी घालतो म्हनलो हुतो. तुजे पैसे तवाच हिच्याकडं परत दिले."

नीलम्माने पोर पाळण्यात ठेवलं. मग ती सिद्धाप्पासमोर बसली, लुगड्याचा पदर तिने दोन्ही हातांनी पसरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भीक घाला."

सिद्धाप्पाने मूठ उघडली. इतका वेळ आवळून धरल्याने जोंधळे घामाने तळव्याला चिकटले होते, पदरात पडेनात. एकेक दाणा सुटा करून त्याने घातला. शेवटचा रेषेत अडकला होता, तो नीलम्माने नखाने काढला. कुठल्या घरचा, हे तिने विचारलं नाही.

काळप्पाने पदराकडे वाकून बघितलं. "एवढ्या जोंधळ्याचं सोनं किती येनार? डोळ्यात गेलं तरी खुपनार न्हाई एवढा मनी हुईल."

"हुंदे," नीलम्मा म्हणाली. तिने पदरातल्या दाण्यांचे बोटाने दोन वाटे केले. एक वाटा तिने काळप्पाच्या हातावर ओतला. "ह्यो तिप्पाचा." मग ती उठली, फडताळातला कुंकवाचा करंडा काढला आणि त्याच्या तळातून चिंधीत गुंडाळलेली एक बाळी बाहेर काढली. चार वर्षांपूर्वी परत आलेली. चांगली जाड, दुप्पट वजनाची, गल्ल्यातल्या पैशांची.

ती बाळी आणि दुसरा वाटा तिने काळप्पाच्या दुसऱ्या हातावर ठेवला. "आन् ह्यो शिवलिंगाचा," ती अगदी हळू बोलली. "एक बारीक मनी हिच्यातबी घाला. त्याचीबी पाच घरं हुंद्यात."

ज्या काळप्पाला रस्त्यावरचा टांगा ऐकू येत नसे, त्याला हे पहिल्या खेपेलाच ऐकू गेलं. त्याने मान हलवली, दोन्ही मुठी मिटल्या आणि वहाणा पायात न घालता काखेत धरून निघून गेला.

सिद्धाप्पा पाळण्याशी गेला आणि वाकला.

"आधी हात धुवा," नीलम्मा म्हणाली.

तो मोरीवर गेला. राखेने हात घासल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मिरची धुवायला एवढा वेळ लागत नाही. तो बाहेर आला तेव्हा हात स्वच्छ होते आणि डोळे लालबुंद झाले होते.

"मिरचीचा हात लागला डोळ्याला," तो म्हणाला.

नीलम्माने त्याच्याकडे बघितलं आणि पाळण्याची दोरी त्याच्या हातात दिली.

"बरं," ती म्हणाली.